शार्कलाही कॅन्सर होतो, मावशी

दांडियाबाजारात राहणाऱ्या मावशीच्या टेबलावर चहाच्या बशीशेजारी पिवळसर, पारदर्शक गोळ्यांची बाटली असते. शार्कच्या यकृताचं तेल. ‘शार्कला कॅन्सर होत नाही ना, म्हणून!’

होतो. शार्कच्या अंगात कॅन्सरच्या गाठी सापडल्याच्या नोंदी आहेत. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ३७९ रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत शार्कच्या कूर्चेचा (मऊ हाडाचा) अर्क देऊन पाहिला. २०१० मध्ये निकाल छापून आला, आयुष्य वाढलं नव्हतं. (कूर्चा वेगळी, तेल वेगळं, अफवेला त्याचं काय!)

या तेलासाठी खोल समुद्रातल्या मुशी, म्हणजे शार्कच, मारल्या जातात. शेकडो मीटर खालच्या अंधारात राहणाऱ्या, मोठाल्या हिरव्या डोळ्यांच्या. इतर बहुतेक माशांसारखी हवेची पिशवी त्यांना नसते. तेलाने भरलेलं अवाढव्य यकृतच त्यांना तरंगतं ठेवतं. त्यातलं स्क्वालीन नावाचं तेलकट द्रव्य सौंदर्यप्रसाधनांतही जातं, खरं तर ते ऑलिव्हपासून किंवा उसापासूनही मिळतं. काही जातींत गर्भ सुमारे दोन वर्षं पोटात राहतो आणि पिल्लू होतं एखादंच. मारलेल्यांची बांगड्या माशासारखी झटपट भरपाई इथे होत नाही.

मावशीने चष्मा चढवून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. “अगंबाई, यात कॅन्सरचं कुठे काही लिहिलेलंच नाही!”