दान व नागरी कर्तव्याचे शिक्षण (इंदूर)

मुलांना आणि तरुणांना आपल्या वेळेतला, श्रमातला व पैशातला वाटा समाजासाठी काढायला, तसेच सार्वजनिक जागा आणि सार्वजनिक पैसा जबाबदारीने सांभाळायला शिकवणे. इंदुरातील मराठी समाजात याचा पहिला धडा बहुधा अहिल्याबाई होळकरांच्या (१७२५–१७९५) चरित्रातून मिळतो.

होळकरांच्या कारभारात दौलतीचा, म्हणजे राज्याचा, हिशेब वेगळा आणि खासगीचा वेगळा असे. खासगी जहागीर पेशव्यांनी १७३४ मध्ये अहिल्याबाईंचे सासरे मल्हारराव यांच्या पत्नी गौतमाबाई यांना दिली होती. पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. काशी, सोमनाथ, गया येथील मंदिरे, घाट, धर्मशाळा, विहिरी यांचा दानधर्म मुख्यतः या खासगीतून चाले. मुलांकडून मंदिरांची यादी पाठ होते, पण वेगळ्या हिशेबाची ही बाजू सांगायची राहून जाते. खरे तर तीच आधी सांगायला हवी: राज्याची तिजोरी प्रजेची, दान करायचे ते स्वतःच्या वाट्यातून.

हाच धडा प्रत्यक्ष गिरवायला मिळतो तो गणेशोत्सवाच्या वर्गणीत. रामबाग, राजेंद्रनगर यांसारख्या मराठी वस्तीच्या भागांत वाढणाऱ्या मुलांना ही वर्गणी नवी नसते. पावतीवर रक्कम अंकी आणि अक्षरी लिहायची, स्थळप्रत जपायची, रोख रक्कम पावत्यांशी ताडून खजिनदाराकडे द्यायची. अकरा रुपये देणाऱ्याशी आणि पाचशे एक देणाऱ्याशी सारख्याच अदबीने बोलायचे. विसर्जनानंतर जमाखर्च फलकावर लावणारे मंडळ नागरिकशास्त्राच्या तासापेक्षा जास्त शिकवते. त्यामुळे मुलांना नुसते पावतीपुस्तक घेऊन दारोदार पाठवू नये, हिशेबाच्या बैठकीलाही बसवावे.

लोकांच्या देणग्यांतून संस्था कशी उभी राहते, याचे उदाहरण शहरालगतच आहे. कस्तुरबा गांधींच्या निधनानंतर (१९४४) देशभरातून जमलेल्या निधीतून त्यांच्या नावाचा राष्ट्रीय स्मारक न्यास स्थापन झाला. ग्रामीण स्त्रिया व मुलांसाठी काम करणाऱ्या या न्यासाचे मुख्यालय इंदूरजवळ कस्तुरबाग्राम येथे आहे.

औपचारिक शिक्षणात १९७६ साली घटनेत आलेली मूलभूत कर्तव्ये (कलम ५१ क) शिकवली जातात. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत महाविद्यालयीन स्वयंसेवक दोन वर्षांत २४० तास समाजकार्य करतो आणि सात दिवसांच्या शिबिरात राहतो. प्रमाणपत्रापुरते तास भरले, तर त्यातून फारसे काही हाती लागत नाही.

इंदूर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सलग अनेक वर्षे देशात पहिले आले. याचा पाया घरातच कचरा वेगळा करण्याच्या सवयीत आहे आणि या कामात लहान मुलेही सहज भाग घेऊ शकतात. ओला कचरा देवगुराडिया येथील प्रकल्पात जातो. २०२२ मध्ये दिवसाला ५५० टन क्षमतेने सुरू झालेल्या या प्रकल्पात त्यापासून इंधनवायू तयार होतो. भाजीच्या देठांत प्लास्टिकची पिशवी किंवा फुटलेली काच गेली, तर ती पुढे कुठल्या तरी कामगाराला वेचून काढावी लागते. हे मुलांना स्पष्ट सांगावे.