यू की व्ही? फ्लोट ट्यूबच्या आकारामागची गोष्ट

फ्लोट ट्यूब, म्हणजे एका माणसाने पाण्यात तरंगत बसून गळ टाकायचं हवा भरलेलं साधन, घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो यू आकाराची घेऊ की व्ही, आणि त्यावर लोक तासन्‌तास भांडतात. पण हे आकार मुळात कशासाठी आले ते कुणी सांगत नाही, म्हणून तेवढंच लिहितोय.

जुना भाग पटकन. रबर टिकाऊ करायची युक्ती १८३९ ची, हवेचा टायर सरसकट वापरात आला तो १८८८ नंतर, आणि मग ट्रकच्या टायरची ट्यूब कुठेही मिळायला लागली. अमेरिकेत गळ टाकणाऱ्यांनी तिच्यावर कापडी कव्हर शिवलं, मधल्या भोकात बसायला पट्टे लावले, झाली फ्लोट ट्यूब. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती तयारसुद्धा मिळायला लागली होती, पण आकार तोच, गोल.

आता या गोल ट्यूबमध्ये उतरायचं कसं ते बघा. काठावर फिन्स, म्हणजे पाणी मारायला पायात घालायचे पंख, घालायचे, भोकात एकेक पाय टाकून ती पॅंटसारखी कमरेपर्यंत ओढायची, दोन्ही हातांनी धरून ठेवायची आणि उलट्या पावली पाण्यात शिरायचं, कारण फिन्स घालून सरळ चालायला गेलं की पुढची पट्टी दुमडते आणि माणूस तोंडावर आपटतो. बाहेर येताना परत तेच, फक्त आता पाय गारठून बधिर झालेले असतात. आणि ती उलटली तर कमरेत ट्यूब, पाय पट्ट्यांमध्ये, डोकं पाण्याखाली. पुढची बाजू कापून यू केला तो या भीतीपोटी. लोक समजतात वेगासाठी केला, तसं नाही.

गोलवाल्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. अखंड कडं असलं की ताण सगळीकडे सारखा बसतो, आणि यू ची दोन मोकळी टोकं फाकतात म्हणून मध्ये आडवी दांडी लावावी लागते, म्हणजे सांभाळायला अजून एक वस्तू. तरी मला विचाराल तर पुढून मोकळी करणं हा या सगळ्या इतिहासातला सगळ्यात चांगला निर्णय आहे, गोल ट्यूब कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

व्ही नंतरचा, आणि तो मात्र खरंच वेगासाठी. फिन्स मारत आपण पाठीकडे सरकतो, त्यामुळे व्ही चं टोक आपल्या पाठीमागे असतं आणि तेच पाणी कापत जातं. नवीन माणूस दुकानात ते टोक पुढचं समजून बसतो. व्ही मध्ये दोन बाजूंना बहुतेक वेळा दोन वेगळे ब्लॅडर, म्हणजे आतल्या हवेच्या पिशव्या, असतात, एक गेला तरी दुसरा तरंगत ठेवतो. सोबत फोमची उंच सीटही रुळली, अंग पाण्याबाहेर राहतं, थंडी कमी वाजते, पण वारा जास्त लागतो.

नाव मात्र ट्यूबच राहिलं, आत टायरची ट्यूब नसली तरी. जर्मन लोक बेली बोट म्हणतात, आणि ही बोट आहे का हा प्रश्न नुसता शब्दाचा नाही. अमेरिकेत मोटर लावलीत की तिची बोट म्हणून नोंदणी करावी लागते. ओरेगनमधल्या डेशूट्स नदीच्या खालच्या भागात तर तरंगत्या साधनावर बसून गळ टाकायलाच बंदी आहे, तिथे ट्यूब फक्त जागेवर पोचायला.

मटेरियलकडे या वादात कुणाचं लक्षच जात नाही. हवा धरतो तो आतला ब्लॅडर, आकार धरतं ते बाहेरचं कव्हर. लेबलवरचा ४२० किंवा ८४० डेनियर हा आकडा फक्त कव्हरचा, म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, त्यावरून ब्लॅडर कसा आहे ते काहीच कळत नाही. ब्लॅडरसाठी रबरानंतर व्हिनाइल हे प्लास्टिक आलं, ते थंडीत कडक होतं आणि जोडावर फाटतं, मग युरेथेन आलं, हलकं आणि ताण सोसणारं.

हा ताण कुठून येतो? मी एकदा भरलेली ट्यूब दुपारी काठावर ठेवून जेवायला गेलो, परत आलो तर कव्हरची चेन टरटरून ताणलेली, टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज. घाबरून थोडी हवा सोडली आणि पाण्यात गेल्यावर सीट खाली बसली. ३० अंशांवरून २० अंशांवर आलं की आतल्या हवेचा एकूण दाब साधारण ३ टक्के उतरतो, पण ट्यूबमध्ये बाहेरच्यापेक्षा समजा जेमतेम दीड पीएसआय (हे दाबाचं माप) जास्त असेल तर त्यातला अर्धा पीएसआय गेला, म्हणजे तिसरा हिस्सा. उंच डोंगरातल्या तलावावर जाताना खालूनच भरून नेली तर उलट होतं, वर हवा विरळ म्हणून ती फुगत जाते. म्हणून हवा काठावर भरायची, दहा मिनिटं पाण्यात ठेवायची, आणि मऊ पडली की परत पंप मारायचा, त्यासाठी व्हॉल्व्ह बसल्या जागी हाताला लागेल अशा ठिकाणी आहे ना हे घेतानाच बघून ठेवा.