रुपया हातात आलाच नाही, मग कर कसला?

क्रिप्टोत व्यवहार करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक
करसल्ला कार्यालय, नाशिक

रिटर्न भरायचे दिवस आले की हा प्रश्न आमच्या टेबलावर हमखास येतो. त्याचं उत्तर समजायला आधी ॲपवरची जोडी, म्हणजे ट्रेडिंग पेअर, वाचता यायला हवी.

लासलगावात कांद्याचा भाव क्विंटलला रुपयांत निघतो. ही 'कांदा/रुपया' जोडीच झाली: आधी माल, मग भाव ज्यात मोजायचा ते. 'बिटकॉइन/रुपया' तशीच. 'ईथर/बिटकॉइन' (ईथर हेही बिटकॉइनसारखंच एक क्रिप्टो) म्हणजे मात्र कांद्याचा भाव द्राक्षांत सांगणं. तिथे ०.०५ दिसलं, तर एका ईथरला ०.०५ बिटकॉइन पडतात. 'खरेदी' दाबलं की ईथर येतं, बिटकॉइन जातं. आणि आकडा चढला म्हणजे ईथर महागलंच असं नाही. रुपयांत दोन्ही पडली, पण बिटकॉइन जास्त पडलं, तरी आकडा चढतो. हिरवा रंग बघून पेढे वाटू नका.

'टेदर'च्या जोड्यांत तर बरेच जण फसतात. टेदरचा भाव अमेरिकी डॉलरला बांधलेला असतो, पण ते खासगी कंपनीचं टोकन. नोटा आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात, टेदर नाही! "पैसे टेदरमध्ये नुसते ठेवले होते" असं सांगितलंत, तरी प्राप्तिकर खात्याच्या लेखी तुम्ही आधीचं कॉइन विकलेलंच असतं.

१ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो. क्रिप्टो देऊन क्रिप्टो घेणं हीसुद्धा विक्रीच.

समजा, ४०,००० रुपयांचं बिटकॉइन घेतलं. ते ५५,००० ला पोचल्यावर देऊन ईथर घेतलं. नफा १५,०००, कर उपकरासह ४,६८०. पुढे ईथर पडलं आणि ३५,००० ला विकलं. या २०,००० च्या तोट्याची वजावट आधीच्या नफ्यातून मिळत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. म्हणजे खिशातले ५,००० गेले आणि वर ४,६८० कर! कायदा जाचक आहे, हे आम्हालाही वाटतं. पण आहे तो असा आहे.

१ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएसही (व्यवहार होतानाच आगाऊ कापली जाणारी रक्कम) आहे. तो वेगळा कर नव्हे, रिटर्नमध्ये वळता होतो. जोडीच्या व्यवहारात दोन्ही बाजू क्रिप्टो देतात, म्हणून तो दोघांचाही कापला जातो. भारतीय एक्स्चेंज, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीचं ॲप, हे काम स्वतः करतं. परदेशी ॲपवर किंवा थेट माणसामाणसांत व्यवहार केलात, तर टीडीएसची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते; तसं काही केलं असेल तर आधी आम्हाला सांगा.

येताना एक्स्चेंजवरून वर्षभराच्या व्यवहारांची पूर्ण फाइल उतरवून आणा, मोबाइलचे स्क्रीनशॉट नकोत. रिटर्नमध्ये प्रत्येक विक्रीसाठी घेतल्याची तारीख, दिल्याची तारीख, खरेदीची किंमत आणि मिळालेली रक्कम वेगवेगळी भरावी लागते. जोडीच्या व्यवहारात त्या वेळचा रुपयांतला भाव फाइलमध्ये नसेल, तर तो शोधायला आम्हाला वेळ लागतो. तेव्हा शेवटच्या आठवड्यात येऊ नका.