माजी सैनिकांचे सायबरसुरक्षा प्रशिक्षण (अमेरिका)

सैन्यातून निवृत्त होणाऱ्यांना संगणकजाळ्यांच्या संरक्षणाच्या नागरी नोकऱ्यांसाठी तयार करणाऱ्या अमेरिकी योजनांचा समूह. या क्षेत्रात माणसांची चणचण कायमची, तर सेवा संपवून बाहेर पडणाऱ्यांना नव्या कामाची गरज. त्यातून या योजना उभ्या राहिल्या.

संरक्षण खात्याच्या 'स्किलब्रिज' योजनेत सेवेच्या अखेरच्या १८० दिवसांपर्यंत सैनिक लष्कराच्याच पगारावर खासगी कंपनीत काम शिकतो. त्यासाठी वरिष्ठांची परवानगी लागते आणि तुकडीत माणसे कमी असतील तर ती अडू शकते. बरेच जण 'सिक्युरिटी प्लस' या सायबरसुरक्षेच्या प्राथमिक प्रमाणपत्रापासून सुरुवात करतात. त्याची परीक्षा ९० मिनिटांची, जास्तीत जास्त ९० प्रश्नांची.

पहिली नोकरी अनेकदा संगणकजाळ्यावर अहोरात्र नजर ठेवणाऱ्या सुरक्षा-नियंत्रण कक्षातली, पाळीची असते. रात्री दोनला हिशेब विभागातल्या कुणाच्या खात्यात परदेशातून लॉगिन झाले, तर तो माणूस प्रवासात आहे की पासवर्ड चोरीला गेला, हे नोंदी ताडून ठरवायचे. संशय उरला तर प्रकरण वर पाठवायचे. पहारा आणि पाळी बदलताना चोख माहिती सोपवणे अंगवळणी पडलेल्याला हे काम परके वाटत नाही. तरीही त्याचे खरे भांडवल बहुधा वेगळेच असते : सैन्यात मिळालेली गोपनीयता-मंजुरी, म्हणजे सरकारी गुप्त माहिती हाताळण्याची परवानगी. संरक्षण कंत्राटदारांना असा उमेदवार आयता हवा असतो, कारण नव्याने मंजुरी मिळवण्यात महिनोन्‌महिने जातात.

खरी अडचण शिकण्यापेक्षा पहिली नोकरी मिळण्यात आहे. नवख्यांसाठीच्या जाहिरातीतही अनुभव मागितला जातो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'व्हेट टेक' या माजी सैनिकांना तंत्रज्ञान शिकवणाऱ्या, पाच वर्षांच्या सरकारी प्रायोगिक योजनेने नेमके तिथेच बोट ठेवले. शिक्षणसंस्थेला शुल्काचा चौथा हिस्सा प्रवेशावेळी, तितकाच अभ्यासक्रम संपल्यावर आणि उरलेला निम्मा विद्यार्थ्याला १८० दिवसांत योग्य नोकरी लागली तरच मिळे. नुसती प्रमाणपत्रे वाटणाऱ्यांना हा चांगला चाप होता.

सैन्याशी संबंध नसलेल्यांसाठी एक वाट 'सायबरकोर' या सायबरसुरक्षा-शिक्षणाच्या शिष्यवृत्तीची. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान ती देते. जितकी वर्षे शिष्यवृत्ती, तितकी सरकारी सेवा. ती न केल्यास रक्कम कर्ज म्हणून फेडावी लागते.