गिरणगाव : दुर्लौकिक

मुंबई बेटाच्या मध्य व उत्तर भागातील कापडगिरण्या आणि गिरणी कामगारांच्या वस्तीला चिकटलेले बदनाम रूप. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, लोअर परळ आणि वरळीचा बराचसा भाग गिरणगावात मोडतो. मात्र या नावाला प्रशासकीय हद्द कधीच नव्हती. रोगट, दंगेखोर, संपखोर आणि गुंडांचा अशी चार विशेषणे या भागाला निरनिराळ्या काळी लागली. त्यांचा उगम एकच मानणे सोयीचे असले तरी बरोबर नाही.

रोगटपणाचा शिक्का बहुधा सर्वांत जुना. गिरण्या येण्यापूर्वी परळ हे शहराबाहेरचे प्रतिष्ठित उपनगर होते व गव्हर्नरचा बंगला तेथेच होता. कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील तीन दशकांत गिरण्यांची धुराडी उत्तरेकडे सरकत सखल, पाणथळ पट्ट्यात पसरली. १८८२ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचा परळच्या बंगल्यात पटकीने मृत्यू झाला. त्यानंतर गव्हर्नरचे निवासस्थान मलबार पॉइंटला हलले. परळचा उतार या घटनेपासून मोजण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात धनिकांनी त्याआधीच तेथून काढता पाय घेण्यास सुरुवात केलेली असावी. १८९९ मध्ये त्याच बंगल्यात प्लेग संशोधन प्रयोगशाळा (आजची हाफकिन संस्था) आली. प्लेगची पहिली नोंद १८९६ मध्ये झाली ती मांडवीत, गोदीलगतच्या व्यापारी वस्तीत. तरी पुढील काळात रोगाचे घर म्हणून बोट दाखवले गेले ते प्रामुख्याने चाळींकडे. पुढे के. ई. एम. (१९२६) व टाटा स्मारक (१९४१) ही रुग्णालये परळमध्येच उभी राहिली.

दाटी मात्र खरीच होती. मुंबई विकास विभागाने १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी (बी. डी. डी. चाळी) बांधल्या. त्यांतील एकेक खोली सुमारे १६० चौ. फुटांची. कोकणातील एका गावचे गावकरी मिळून अशी खोली भाड्याने घेत. दिवसपाळीवाले कामावर गेले की रातपाळीवाले त्याच जागेवर वळकटी पसरत. ट्रंका भिंतीलगत एकावर एक, जेवण खानावळीत. सुट्टीच्या दिवशी सगळेच घरी असल्यामुळे निम्म्यांना जिन्यात, गॅलरीत नाहीतर रस्त्यावर वेळ काढावा लागे. ‘रिकामटेकड्यांची टोळकी’ म्हणून पाहणाऱ्यांना जे दिसत होते, त्यात या अडचणीचा वाटा मोठा होता.

दंगेखोरपणाच्या उगमाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ऑगस्ट १८९३ ची दंगल जुम्मा मशिदीच्या परिसरात सुरू झाली. गिरणी कामगार तीत नंतर उतरले. तरीही कामगार म्हणजे शहराच्या शांततेला धोका, ही धारणा तेव्हापासून दृढ झाली असे सामान्यतः मानतात. जुन्या सरकारी विवेचनात याचे कारण ग्रामीण स्वभावात शोधले जाई : रत्नागिरी व साताऱ्याहून आलेला माणूस अर्धा शेतकरीच राहिला, त्याला कारखान्याची शिस्त मानवली नाही, इ. मॉरिस डी. मॉरिस यांनी १९६५ मध्ये या मताला छेद दिला. गिरण्यांना मजुरांची टंचाई फारशी नव्हती आणि बेशिस्तीचा दोष मजुरांपेक्षा मालकांच्या धोरणांकडे जातो, असा त्यांचा रोख होता. राजनारायण चंदावरकर यांनी पुढे जाऊन गिरणीच्या फाटकाबाहेर लक्ष वेधले. बदली कामगाराला (गैरहजर कामगाराच्या जागी घेतल्या जाणाऱ्याला) रोज काम मिळेलच असे नसे. काम मुकादमाच्या मर्जीवर, उधारी वाण्याकडे, कर्ज मारवाड्याकडे किंवा पठाणाकडे, खोली भाडेवसुली करणाऱ्याच्या हाती. या साऱ्यांशी बोलणी करून देणारा, प्रसंगी दमदाटी करणारा व व्यायामशाळा चालवणारा दादा हा म्हणूनच वस्तीच्या व्यवहारातला एक दुवा होता. संप झाला की हाच दादा कधी संपवाल्यांकडून, कधी मालकांकडून उभा राही. चंदावरकरांची मांडणी उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते. मात्र तिचा आधार मुख्यतः दोन महायुद्धांच्या दरम्यानचा काळ आहे, आणि ती सरसकट १९७० नंतरच्या टोळ्यांना लावणे धोक्याचे आहे.

संपखोरपणाचा शिक्का राजकीय होता. लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. १९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिल ते ऑक्टोबर चालला आणि त्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. १९३० च्या कायदेभंगात वरळीच्या काही नव्या चाळी तुरुंग म्हणून वापरल्या गेल्या, हेही या संदर्भात लक्षणीय.

स्वातंत्र्योत्तर काळात दारूबंदीमुळे हातभट्टीचे अड्डे वाढले. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा जून १९७० मध्ये खून झाला. जानेवारी १९७४ मध्ये वरळी व नायगाव येथे दलित पँथर आणि शिवसेना यांच्या अनुयायांत दंगली झाल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सामील होते. तो औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. बेकार झालेल्या कामगारांची मुले टोळ्यांकडे वळली, हे विधान सर्वत्र आढळते. काही मुले वळली यात शंका नाही. पण बहुसंख्य कुटुंबे फेरी, रिक्षा, खासगी रखवालदारी, पापड-लोणच्यांचा घरगुती धंदा अशा मार्गाने तगली किंवा गावी परतली, आणि त्यांची नोंद गुन्ह्यांच्या बातम्यांत येत नाही. टोळ्यांच्या हिंसेत गिरण्यांच्या जमिनीचा भाव हाही घटक होता. खटाव गिरणीच्या मालकाचा १९९४ मधील खून या संदर्भात नेहमी उद्धृत होतो.

स्त्री कामगारांच्या वाट्याला आलेल्या बदनामीविषयी त्रोटक माहिती मिळते. गिरणीत जाणारी, त्यातही एकटी राहणारी बाई शहरी मध्यमवर्गात संशयाने पाहिली जाई. १९३० नंतर त्यांचे गिरण्यांतील प्रमाण घटत गेले.

विकास नियंत्रण नियमावलीतील गिरण्यांच्या जमिनींविषयीची १९९१ ची तरतूद व तिची २००१ ची दुरुस्ती यांमुळे गिरण्यांच्या जागी मॉल, कार्यालये व मनोरे आले. दुरुस्तीला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयात २००६ मध्ये फेटाळले गेले. विक्रेत्यांच्या जाहिरातींत लोअर परळ ‘अपर वरळी’ झाले. जुनी विशेषणे आता मनोऱ्यांच्या पायथ्याशी उरलेल्या चाळींपुरतीच लावली जातात. वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग (पूर्वीचा डिलाईल रोड) येथील बी. डी. डी. चाळींचा पुनर्विकास म्हाडाकडे आहे. शिवडीच्या चाळी बंदराच्या जमिनीवर असल्याने त्या योजनेत नाहीत.