रोज अडीचशे किलोमीटरच का? युटाच्या दरी-उद्यानांतील मोटारसायकल सहलीविषयी माहितीपत्रक

दहा दिवसांच्या या सहलीचा तक्ता हाती पडला की बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न एकच विचारतात: अमेरिकेतले रस्ते इतके चांगले असताना रोज दोनशे-अडीचशे किलोमीटरच गाडी का चालवायची? पुण्याहून गोवा एका दिवसात गाठणाऱ्यांना हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

आपण लास व्हेगसमध्ये गाड्या भाड्याने घेतो आणि झायन राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीवरील स्प्रिंगडेल गावी पहिला मुक्काम करतो. पुढे ब्राइस कॅनियन, मग कॅपिटल रीफजवळचे टोरी, आर्चेस व कॅनियनलँड्स पाहण्यासाठी मोॲब, तिथून दक्षिणेला मॉन्युमेंट व्हॅली, ॲरिझोनातले पेज गाव, सेंट जॉर्ज आणि परत लास व्हेगस. एकूण अंतर सुमारे १,७०० किलोमीटर आहे. झायन आणि मोॲब येथे एकेक दिवस जादा ठेवला आहे. झायनच्या मुख्य दरीतील रस्त्यावर हंगामात खासगी वाहनांना, मोटारसायकललाही, बंदी असते आणि उद्यानाच्या बसनेच फिरावे लागते. त्यामुळे त्या दिवशी गाड्या हॉटेलवरच राहतात.

अंतर कमी ठेवण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे तिथली कोरडी हवा. मुंबईत किंवा कोकणात घाम अंगावर निथळतो आणि शरीरातले पाणी कमी होत आहे हे आपल्याला कळते. युटाच्या वाळवंटात, त्यातही चालत्या गाडीवर, घाम सुटताक्षणी वाळतो. अंग कोरडे लागते, तहानही फारशी जाणवत नाही आणि दुपारी अचानक डोके जड होऊन वळणाचा अंदाज चुकू लागतो. एका सहलीत हँक्सव्हिल गावच्या पंपावर आमच्या एका सहप्रवाशाने जॅकेट काढले, तेव्हा त्यांच्या काळ्या बनियनवर पाठभर मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले होते, आणि तरीही ‘मला घामच आला नाही’ असे ते मनापासून सांगत होते. त्या दिवशी आम्ही तिथेच तासभर सावलीत थांबलो. तेव्हापासून दर तासाला थांबणे, तहान असो वा नसो प्रत्येकाने पाणी पिणे आणि दिवसातून दोनदा जलसंजीवनी घेणे हा आमचा नियम आहे. जलसंजीवनीची पाकिटे आपण घरूनच आणावीत.

याच संदर्भात एक गोष्ट आपल्या सवयीच्या विरुद्ध वाटेल. मे अखेरीस लास व्हेगसच्या बाजूला पारा सहज ३५ अंशांच्या पुढे जातो. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की वारा अंगाला थंड करण्याऐवजी तापवू लागतो आणि घाम झपाट्याने वाळवून शरीरातले पाणी कमी करतो. अशा वेळी जॅकेट उघडे सोडण्यापेक्षा आतला सदरा पाण्यात भिजवून वरून जॅकेट बंद ठेवावे आणि फक्त गळ्याशी व मनगटाशी थोडी फट ठेवावी. पहिल्या दिवशी यावर कोणाचा विश्वास बसत नाही. दुसऱ्या दिवशी सगळेच सदरे भिजवू लागतात.

दुसरे कारण उंचीचे. मोॲब समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटरवर आहे, तर ब्राइसचे कडे २,४०० मीटरच्याही वर असून तिथे मे महिन्यातही पहाटे पारा शून्याच्या आसपास असतो. तिथले दगडी सुळके घडवले तेही याच थंडीने: भेगांत शिरलेले पाणी रात्री गोठून फुगते, दिवसा वितळते आणि खडक हळूहळू फुटत जातो. म्हणून उन्हाळी जॅकेटसोबत लोकरी आतला थर आणि जाड हातमोजे आणणे आवश्यक आहे.

ब्राइसहून टोरीकडे जाणारा १२ क्रमांकाचा महामार्ग हा आमच्या मते या सहलीचा प्राण आहे. एस्कलांटी आणि बोल्डर या गावांमधील ‘हॉगबॅक’ नावाच्या टप्प्यावर रस्ता अरुंद धारेवरून जातो. दोन्ही बाजूंना दरी असते आणि वारा आडवा येतो. आपल्या घाटात एका हाताला तरी डोंगर असतो, इथे तोही नसतो. पुढे हाच रस्ता बोल्डर पर्वतावर सुमारे २,९०० मीटरपर्यंत चढतो. तिथे मोकळी गुरे आणि हरणे रस्त्यावर येतात, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी टोरीला पोहोचणे बंधनकारक आहे.

झायनहून निघताना लागणारा १९३० साली पूर्ण झालेला बोगदा सुमारे १.८ किलोमीटर लांबीचा आहे आणि त्यात दिवे नाहीत. हेल्मेटची काळी काच व गॉगल बोगद्याच्या तोंडाशीच वर करावेत. आत शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत बरेच अंतर कापलेले असते.

जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही ही सहल काढत नाही. उन्हाळा कडक असतो हे एक, आणि दुसरे असे की त्या काळात तिथेही मान्सूनचा पाऊस येतो. दूर कुठेतरी कोसळलेल्या सरीचे पाणी निरभ्र आकाशाखालच्या अरुंद दरीत काही मिनिटांत भिंतीसारखे येऊ शकते. आमच्या सहली मे आणि सप्टेंबर या महिन्यांच्या उत्तरार्धात निघतात.

पेट्रोलबाबत आमचा नियम साधा आहे: अर्धी टाकी झाली की पंप दिसेल तिथे भरायची. युटातच सत्तर क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गावर ग्रीन रिव्हर ते सलायना हे सुमारे १७० किलोमीटरचे अंतर एकाही पंपाशिवाय आहे, यावरून प्रदेशाची कल्पना यावी. उभी करताना गाडीचे साइड स्टँड तापलेल्या डांबरात किंवा वाळूत रुतते आणि भरलेली गाडी आडवी होते. त्यासाठी स्टँडखाली ठेवायची चकती आम्ही प्रत्येकाला देतो.

मॉन्युमेंट व्हॅली हे राष्ट्रीय उद्यान नसून नाव्हाहो या अमेरिकेतील मूळ रहिवासी लोकांचे स्वतःचे उद्यान आहे. तिथे राष्ट्रीय उद्यानांचा पास चालत नाही, नाव्हाहो भूमीवर मद्यास बंदी आहे, आणि तिथल्या माणसांचे छायाचित्र त्यांना विचारूनच काढावे. त्यांच्या घरात आपण पाहुणे आहोत, हे प्रत्येक सहप्रवाशाने मनापासून पाळावे अशी आमची विनंती आहे.

युटा राज्यात २१ वर्षांवरील चालकांना हेल्मेटची सक्ती नाही, नेव्हाडात सर्वांना आहे. आमच्या सहलीत मात्र गाडी चालू असेपर्यंत ते डोक्यावर असलेच पाहिजे. दोन वाहनांच्या मधून गाडी काढण्याची आपली सवय तिथे पूर्णपणे सोडावी.

भारतातून येणाऱ्यांनी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढताना त्यावर मोटारसायकलच्या ‘ए’ वर्गाचा शिक्का आहे ना, हे खिडकीवरच तपासावे. केवळ मोटारीचा शिक्का असलेल्या परवान्यावर गाडी भाड्याने मिळत नाही, आणि ही चूक लास व्हेगसमध्ये दुरुस्त करता येत नाही. परवान्याच्या दोन्ही बाजूंची प्रत नोंदणीच्या अर्जासोबतच आमच्याकडे पाठवावी.