गारपिटीनंतर कॅराव्हॅनचं छत: पाऊस यायच्या आत काय करायचं

गारा पडून गेल्या की नजर आधी पोच्यांवर जाते. ते दिसायला वाईट असतात, पण गाडी कुजते ती पोच्यांनी नव्हे, पाण्यानं. आपल्याकडे गारा बहुतेक फेब्रुवारी ते मे या काळात पडतात आणि जूनमध्ये पाऊस लागतो. छताला गेलेली केसाएवढी चीर एप्रिलच्या उन्हात कळतच नाही. जुलैत आतल्या प्लायवर पिवळट डाग उमटतो, तोवर पाणी कित्येक दिवस आत मुरलेलं असतं. त्यामुळे गारपीट आणि पाऊस यांच्या मधले आठवडे हेच दुरुस्तीचे दिवस आहेत.

पहिल्या दिवशी

छतावर पाय देऊ नका. गारांनी पत्रा आतल्या थर्माकोलपासून काही ठिकाणी आधीच सुटलेला असतो, माणसाच्या वजनानं तो आणखी सुटतो. शिडी बाजूला लावून बघा. चढणं टळत नसेल तर १२ मिमी प्लायचा ४ फूट बाय २ फूट तुकडा जुन्या सतरंजीवर ठेवून त्यावर गुडघे टेकून काम करा.

पोचे दिवसा नीट दिसत नाहीत. अंधार पडल्यावर टॉर्च छताला जवळजवळ टेकवून आडवी धरा, प्रत्येक पोच्याची सावली पडते. खडूनं गोल करा (मार्करची शाई फायबरमध्ये उतरते) आणि शेजारी दहाचं नाणं ठेवून फोटो काढा. त्याचा व्यास २७ मिमी आहे, त्यामुळे फोटोत माप आपोआप येतं.

चीर दिसली तर त्याच दिवशी झाका. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात गारपीट पुन्हा पुन्हा होत राहिली होती. एकदा होऊन गेली म्हणजे संपली असं नसतं. जागा कोरडी पुसून ॲल्युमिनियम पाठीची ब्युटाईल टेप (मऊ रबरासारखी चिकट पट्टी) लावा, चिरेच्या चारही बाजूंना ५० मिमी जास्त जाईल अशी, आणि चमच्याच्या पाठीनं घट्ट दाबा. ताडपत्री सैल बांधली तर वाऱ्यानं फडफडून रंग घासून काढते, म्हणून बांधायचीच तर कडांखाली मऊ चादर घाला.

सिलिकॉन मात्र कुठेही भरू नका. घाईत हार्डवेअरच्या दुकानातून ट्यूब आणून भरली जाते आणि खरी पंचाईत पुढे होते: सिलिकॉन लागलेल्या जागेवर रंग धरत नाही, दुसरं सीलंटही धरत नाही. शेवटचा कण खरवडून काढेपर्यंत पक्की दुरुस्ती सुरू करता येत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर ॲल्युमिनियमही खातं.

छत कशाचं आहे, त्यावर दुरुस्ती ठरते

लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर ते व्हॅनचं मूळ पोलादी छत आहे. आतलं अस्तर आणि इन्सुलेशन काढून मागून दांडीनं पोचे उठवता येतात, रंग न उडवता. रंगाचा टवका गेलेला असेल तर मात्र आधी प्रायमर, नाहीतर पहिल्याच पावसात गंज धरतो.

चुंबक चिकटला नाही तर छत ॲल्युमिनियमचं किंवा फायबरचं (एफआरपी). ही छतं बहुधा सँडविच पॅनेलची असतात: बाहेर पातळ थर, मध्ये साधारण २५ ते ३० मिमी थर्माकोल किंवा तसाच फोम, आत प्लाय, आणि तिन्ही एकमेकांना चिकटवलेले.

ॲल्युमिनियमच्या सँडविचमधला पोचा मागून उठवता येत नाही, कारण मागे जागाच नाही. समोरून गोंदाच्या खुंट्या लावून ओढला तर पत्रा वर येतो, पण दबलेला थर्माकोल खालीच राहतो. दोघांत पोकळी होते आणि उन्हात तिथे फोड येतो. इंटरनेटवर हेअर ड्रायर आणि बर्फाचा उपाय सांगतात, तोही करू नका. ड्रायरच्या उष्णतेनं थर्माकोल खराब होतो, तो ८० अंशांच्या आसपास मऊ होऊन दबायला लागतो. पुट्टी भरून रंग देणं म्हणजे सगळ्या छतावर वजन चढवणं, आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी ती पुढे तडकते. पत्रा फाटलेला नसेल, बोटांनी टकटक केल्यावर आवाज भरीव येत असेल आणि सांधे शाबूत असतील, तर पोचे तसेच राहू द्या. हा सल्ला ग्राहकांना आवडत नाही, पण बरोबर हाच आहे.

आवाज पोकळ येत असेल किंवा पत्रा फाटला असेल तर जुन्या छतावर नवा फायबरचा पत्रा चिकटवतात. ५ मीटर बाय २.२ मीटर म्हणजे ११ चौरस मीटर छतावर १.५ मिमी पत्रा आणि गोंद मिळून साधारण ३० किलो वजन वाढतं. तेवढी सवड गाडीच्या मंजूर एकूण वजनात आहे का, ते आधी तपासा. या कामात झाकणं, एसी, सोलर, कडेच्या पट्ट्या सगळं उतरवावं लागतं. "न उतरवता करून देतो" असं कुणी म्हणालं तर त्याला काम देऊ नका.

फायबर गारेनं दबून परत वर येतं, त्यामुळे पोचा दिसत नाही. पण वरच्या जेलकोटला (फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराला) कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा जातात. पाण्यात कालवलेली शाई फडक्यानं फिरवून लगेच पुसा, चिरांत रंग राहतो. नखाला लागत नाही अशी चीर वरवरची. नखाला लागत असेल किंवा आजूबाजूला पांढरट पडलं असेल तर आतले धागे तुटलेत.

अशी चीर ६० नंबरच्या पॉलिश पेपरनं इंग्रजी व्हीच्या आकारात उघडायची, भोवती ५० मिमी उतार घासायचा, ॲसिटोननं पुसायचं आणि ४५० ग्रॅमच्या मॅटचे (काचेच्या तुटक धाग्यांची चादर, वजन दर चौरस मीटरचं) दोन थर रेझिनमध्ये भिजवून द्यायचे. एक चौरस मीटर मॅटच्या एका थराला सुमारे १ किलो पॉलिएस्टर रेझिन लागतं. रेझिन घट्ट करणारं हार्डनर १ ते २ टक्के. एप्रिलच्या ४० अंशांत १ टक्का पुरतो, जास्त घातलं तर डबा हातातच तापून घट्ट होतो. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते द्रव) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर त्यानंतर.

चीर आतल्या थर्माकोलपर्यंत गेली असेल तर पॉलिएस्टर रेझिन चालणार नाही. त्यातलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं आणि पॅचखाली खड्डा होतो. तिथे इपॉक्सी (स्टायरीन नसलेलं दुसरं रेझिन) वापरा, आणि मॅटऐवजी विणलेलं काचेचं कापड. मॅटचे धागे धरून ठेवणारा चिकटा इपॉक्सीत नीट सुटत नाही.

झाकणं आणि सोलर

गारांचा पहिला बळी छतावरचं प्लास्टिकचं झाकण. काही वर्षं उन्हात राहिलेलं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. बदलताना कापलेल्या भोकाचं माप घ्या, झाकणाचं नाही. ४०० बाय ४०० मिमी आणि १४ बाय १४ इंच (३५६ मिमी) ही दोन मापं नेहमी दिसतात आणि एकाचं दुसऱ्यावर बसत नाही. चौकटीखाली ब्युटाईल टेप, स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीनं, हातानंच पिळायचे. ड्रिलनं पिळले तर चौकट तडकते. झाकण थिनर किंवा पेट्रोलनं पुसू नका, आठवड्याभरात बारीक चिरा येतात.

सोलर पॅनेलची प्रमाणित चाचणी २५ मिमी बर्फाच्या गोळ्यानं, ताशी सुमारे ८३ किमी वेगानं होते. गारा दहाच्या नाण्याहून मोठ्या असतील तर काच शाबूत दिसली तरी दुपारच्या उन्हात व्होल्टेज आणि करंट मोजून आधीच्या आकड्यांशी ताडून बघा. काच तडकलेलं पॅनेल टेप लावून चालवू नका. आत पाणी गेलं की शॉक लागू शकतो. ते लगेच सोडवून झाका.

विमा

नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत गारपीट येत नाही, सर्वसमावेशक पॉलिसीत येते. विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) येईपर्यंत पक्की दुरुस्ती करू नका. तात्पुरतं झाकायला हरकत नाही, फोटो आधी काढा आणि तुटलेले तुकडे जपून ठेवा. घसारा (जुन्या भागासाठी भरपाईतून होणारी कपात) मालावर ठरतो: काचेला शून्य, फायबरला ३० टक्के, प्लास्टिकला ५० टक्के. कॅराव्हॅनच्या खिडक्या बहुधा ॲक्रिलिकच्या असतात, म्हणजे प्लास्टिक. अर्धा खर्च तुमच्यावर येतो, झिरो डेप्रिसिएशनचं (घसारा न कापण्याचं) जोडकलम नसेल तर. पॉलिसीत नुसत्या व्हॅनची किंमत आहे की वर बांधलेल्या बॉडीचीही, तेही आत्ताच बघा.

दुरुस्तीनंतर

साध्या पाइपनं, खालून वर सरकत, प्रत्येक भागावर १० मिनिटं पाणी सोडा. प्रेशर वॉशर नको, तो चांगल्या सांध्यातही पाणी घुसवतो. गळती आत जिथे दिसते तिथेच छताला भोक असेल असं नाही. पाणी वायरिंगच्या खाचेतून मीटरभर लांब जातं.

ओल पिनच्या मीटरनं मोजा. लाकडात १५ टक्क्यांपर्यंत ठीक, २० च्या वर गेलं तर शोध घ्या, ३० म्हणजे लाकूड भिजलेलंच. पावसाळ्यात हवेनंच आकडा चढतो, म्हणून मधल्या कोरड्या पार्टिशनचं माप घेऊन त्याच्याशी तुलना करा. पहिल्या मोठ्या पावसानंतर तीन दिवसांनी आणि ऑगस्टअखेर पुन्हा, त्याच जागांवर मोजा आणि आकडे तारखेसह कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा. तो कागद गाडी दुरुस्तीला आणताना सोबत असू द्या.